लाल विंचू आणि त्याची बिऱ्हाडे

भाताची कापणी झाली, की पेंढ्या खळ्यावर येतात. उडव्या रचल्या जातात. मग झोडणी सुरू होते. घरातली सगळी माणसे कामाला लागतात. बाया पेंढ्या उचलून देतात, बाप्ये झोडतात, पोरे मध्येच लुडबुड करतात. अशा वेळी कुणीतरी एकदम हात झटकते आणि ओरडते, "अगं आई गं! चावलं काहीतरी!"

पेंढा उलटून पाहावा, तर तांबूस रंगाचा एक विंचू शेपटी वर करून पळताना दिसतो. फार मोठा नसतो. आपल्या मधल्या बोटाएवढा. मग कुणी म्हातारे माणूस म्हणते, "एवढासा तर आहे. इंगळी नाही ना? मग कशाला भिता?"

वाचकहो, इथेच चूक होते. ही चूक आम्ही स्वतः केली आहे, म्हणून आज हा धडा लिहायला बसलो आहोत. आम्ही जुने मॅट्रिक. आयुष्य खेड्यातल्या शाळेत गेले. डॉक्टरी विद्या आमच्याजवळ नाही. पण विंचू कोण, तो कुठे राहतो, त्याचे विष काय करते आणि त्यावर उपाय कोणता, हे जाणत्यांकडून समजून घेतले आहे. तेच तुम्हाला सांगतो.

विंचू कोण?

विंचू हा किडा नव्हे. किड्याला सहा पाय असतात. मुंगीचे मोजा, झुरळाचे मोजा, सहाच भरतील. विंचवाला आठ पाय असतात. कोळी आणि गोचीड यांनाही आठच. म्हणजे विंचू हा कोळ्याचा भाऊबंद.

आठ पायांखेरीज पुढे दोन चिमटे असतात. मागे मण्यामण्यांची शेपटी. तिच्या टोकाला एक फुगीर कुपी आणि कुपीला वाकडा काटा. हीच नांगी. कुपीत विषाच्या दोन पिशव्या असतात. आपण "विंचू चावला" म्हणतो. पण तो तोंडाने चावत नाही. शेपटी डोक्यावरून पुढे आणून नांगी मारतो.

डोक्यावर डोळे आहेत, पण त्यांनी फारसे दिसत नाही. मग शिकार कशी कळते? चिमट्यांवर बारीक केस असतात. वारा जरा हलला, की ते हलतात. पायांना जमिनीचा बारीकसा हादरा कळतो. पोटाखाली फणीसारखे दोन अवयव असतात. त्यांनी तो जमीन चाचपतो. म्हणून काळ्याकुट्ट रात्रीसुद्धा झुरळ कुठे चालले आहे, हे त्याला बरोबर समजते.

विंचू फार जुना प्राणी आहे. चाळीस कोटी वर्षांहून जुने विंचवाचे ठसे दगडांत सापडले आहेत. तेव्हा माणूस तर नव्हताच, पण पक्षीही नव्हते. आज जगात विंचवाच्या अडीच हजारांहून अधिक जाती माहीत आहेत. आपल्या देशात शंभराहून अधिक आहेत. त्यांतल्या फारच थोड्या माणसाच्या जिवावर उठणाऱ्या आहेत. आपले दुर्दैव एवढेच, की त्या थोड्यांतला एक आपल्याच बांधावर राहतो.

इंगळी मोठी, पण विष थोडे

इंगळी सर्वांना माहीत आहे. काळीभोर, चार-पाच इंच लांब, खेकड्यासारखे जाड चिमटे. पाहूनच अंगावर काटा येतो. लाल विंचू तिच्यापुढे पोरगेलासा दिसतो. लांबी दोन ते साडेतीन इंच. चिमटे बारीक, नाजूक. पण शेपटी पाहा. ती चांगली जाड आणि दणकट असते.

यातच सारे मर्म आहे. इंगळी आपली शिकार जाड चिमट्यांत धरून चिरडते. तिला जहाल विषाची गरज पडत नाही. लाल विंचवाच्या चिमट्यांत तेवढे बळ नाही. त्याची सारी भिस्त शेपटीवर. म्हणून विष जहाल. जाणते लोक एक साधी खूण सांगतात. चिमटे जाड आणि शेपटी बारीक, तो विंचू बहुधा सौम्य. चिमटे बारीक आणि शेपटी जाड, तो जहाल.

नुसत्या रंगावर मात्र जाऊ नका. लाल विंचू नावाला लाल. कुठे तो पिवळट तांबडा असतो, कुठे विटकरी, तर कुठे काळपट तपकिरी.

शास्त्रज्ञांनी विंचवांचे गट पाडले आहेत. लाल विंचू ज्या गटात येतो, त्या गटाचे नाव हॉटेन्टोटा. बिरुला नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १९०८ साली हे नाव ठेवले. या गटात पन्नासाहून अधिक जाती आहेत. आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, पाकिस्तान आणि थेट आपल्या देशापर्यंत त्या पसरल्या आहेत. बहुतेक जाती कोरड्या, दगडाळ मुलखात राहणाऱ्या. आपल्या लाल विंचवाची पहिली शास्त्रीय नोंद १७९८ साली फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञाने केली. महाराष्ट्रात तो कोकणात आहे, देशावर आहे, मराठवाड्यातही आहे. कर्नाटक, आंध्र, तेलंगण, तमिळनाडू आणि सौराष्ट्र इथेही तो आढळतो.

तो राहतो कुठे?

आता मुख्य गोष्ट. विंचवाचे घर ओळखता आले, तर निम्मी भीती गेली म्हणून समजा.

प्रत्येक विंचवाची राहण्याची रीत वेगळी. इंगळी माती उकरून बीळ करते. ओढ्याच्या काठी, बांधाच्या कुशीत तिची बिळे दिसतात. काही बारीक, चपटे विंचू झाडाच्या सुटलेल्या सालीखाली राहतात. लाल विंचू खोल बीळ करण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. तो आयती जागा शोधतो. दगडाखाली, फटीत, ढिगात.

विंचवाला ऐसपैस जागा आवडत नाही. अंगाला वरून आणि खालून काहीतरी टेकले पाहिजे, अशी अरुंद फट त्याला हवी. शिवाय तिथे अंधार हवा, कोरडे हवे आणि जवळपास खायला किडे हवेत. एवढे मिळाले, की त्याचे बिऱ्हाड थाटले. आपल्याला हवी असते मोकळी हवेशीर जागा, त्याला हवी असते अडचण. हे एक सूत्र मनात धरा. मग विंचू कुठे असेल, हे कुणाला विचारावे लागणार नाही.

कोकणात जांभा दगड आहे. जांभ्याला भोके असतात. सड्यावर दगड विखुरलेले असतात. शेताला दगड रचून गडगा घालतात. गडग्याच्या प्रत्येक दोन दगडांमध्ये एक फट. म्हणजे विंचवाची चाळच ती! देशावर दगडाच्या ताली आहेत, मुरमाड माळ आहेत, गावकुसाच्या पडक्या भिंती आहेत. तिथेही तेच. आपण घर बांधायला माळावरचे दगड आणतो, तेव्हा कधी कधी दगडाबरोबर त्यात राहणारा भाडेकरूही घरी येतो.

घरात आल्यावर तो कुठे बसतो? भिंतीच्या चिरेत. कौलाखाली. वळचणीला. चुलीजवळच्या लाकूडफाट्यात. रचलेल्या शेणींत. गोठ्यातल्या पेंढ्यात. खुंटीवर टांगलेल्या सदऱ्याच्या बाहीत. वळकटी करून ठेवलेल्या अंथरुणात. पोरांच्या दप्तरात. आणि बुटात. बूट म्हणजे विंचवाच्या दृष्टीने फार उत्तम घर. अंधारी, अरुंद, कोरडी खोली, आणि दार एकच!

भाताची पेंढीही अशीच. काडीला काडी लागलेली, मध्ये बारीक फटी, आत किडे. विंचू आपल्यावर डूख धरून तिथे बसलेला नसतो. त्याच्या मते ते त्याचे घर असते. आपण त्या घरात हात घालतो. हात दाबला गेला, की तो नांगी मारतो. बस, एवढेच. विंचू माणसाच्या मागे लागून चावत नाही. बहुतेक वेळा आपणच त्याला दाबलेले असते.

विंचू दिवसा लपतो, रात्री फिरतो. झुरळे, रातकिडे, वाळवी, कोळी हे त्याचे खाणे. खायला मिळाले नाही, तर महिनोन् महिने उपाशी राहू शकतो. म्हणून बंद घरातही तो जिवंत असतो. गावी जाऊन आलात, की बंद घराची अंथरुणे आधी झटका.

वर्षातून काही दिवस जास्त सांभाळायचे. उन्हाळ्यात उकाड्याने माणसे अंगणात, जमिनीवर झोपतात. विंचूही रात्रीचा बाहेर पडतो. दोघांची गाठ पडते. पहिला पाऊस आला, की बिळांत आणि फटींत पाणी शिरते. विंचू कोरडी जागा शोधत घरात येतो. त्यानंतर कापणी-झोडणीचे दिवस. हे तीन हंगाम लाल विंचवाचे.

आणखी एक गंमत सांगतो. विंचवावर अतिनील किरणांचा उजेड टाकला, तर तो अंधारात हिरवट-निळा चमकतो. अशा विजेऱ्या आता बाजारात मिळतात. विंचवांचा अभ्यास करणारे लोक रात्री माळावर अशी विजेरी घेऊन फिरतात आणि विंचू मोजतात. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. तेव्हा विजेरी असली, तरी सावधगिरी सोडायची नाही.

पाठीवरचे बिऱ्हाड

"विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर" ही म्हण तुम्ही शंभरदा ऐकली असेल. ती अगदी खरी आहे. विंचवीण अंडी घालत नाही. तिला जिवंत पिल्ले होतात. वीस-पंचवीस, कधी त्याहून अधिक. पांढुरकी, मऊ पिल्ले एकेक करून आईच्या पाठीवर चढतात. पहिली कात टाकीपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, ती तिथेच बसून राहतात. मग उतरतात आणि आपापल्या वाटेने जातात.

गावात म्हणतात, "पिल्लं आईला खातात, म्हणून विंचवीण बाळंतपणात मरते." हे खरे नाही. पाठीवर पिल्लांचा ढीग पाहून कुणाला तरी तसे वाटले असेल. पिल्ले तेव्हा काही खात नाहीत. अंगात साठलेल्या पोषणावरच ती जगतात.

दुसरी अशीच एक समजूत आहे. विंचवाभोवती विस्तव ठेवला, की तो स्वतःला नांगी मारून जीव देतो म्हणे. तेही खरे नाही. आचेने त्याचे अंग आकसते आणि शेपटी वाकडीतिकडी होते. आपल्याला वाटते, त्याने स्वतःला डंख केला. त्याच्या विषाने तो स्वतः मरत नाही. मरतो तो भाजून.

या दोन समजुतींनी कुणाचे वाईट झाले नाही. पण तिसरी एक समजूत आहे. तिने माणसे मारली.

मंत्राने कुठला विंचू उतरतो?

आम्ही १९८६ साली रायगड जिल्ह्यातल्या डोंगराकडच्या एका गावी शिक्षक होतो. एका रात्री परसात आमच्या पायाला इंगळीने डंख केला. पाय पेटल्यासारखा झाला. शेजाऱ्यांनी भगताला आणले. त्याने कडुनिंबाचा डहाळा फिरवला, मंत्र पुटपुटला. पहाटेपर्यंत कळ कमी झाली. आम्ही त्याला नारळ दिला आणि गावभर सांगत सुटलो, "भगताच्या हाताला गुण आहे." आम्ही गुरुजी. आमचा शब्द गावात चालायचा.

तीन वर्षांनी, झोडणीच्या दिवसांत, आमच्या तिसरीतल्या एका मुलाच्या हाताला खळ्यावर विंचू चावला. रविवार होता. दुपारचे चार वाजले असतील. त्याचा बाप आमच्याकडे धावत आला. "गुरुजी, तालुक्याला न्यायचं का पोराला?"

आम्ही विचारले, "विंचू केवढा होता?"

"बोटाएवढा. लाल."

आम्ही म्हणालो, "मग कशाला एवढ्या लांब? भगताला बोलवा. आम्हाला इंगळी चावली होती, तीसुद्धा उतरली."

भगत आला. मंत्र सुरू झाला. पोराला दरदरून घाम सुटला. भगत म्हणाला, "विष घामावाटे जातंय." पोराला दोनदा उलटी झाली. सगळे म्हणाले, "विष पडलं." हाताची कळ कमी झाली. आम्हाला वाटले, उतरले. नऊच्या सुमारास त्याची आई म्हणाली, "गुरुजी, पोराचे हातपाय गार पडलेत हो." आम्ही तिला धीर दिला. त्यानंतर तासाभराने त्याला खोकला लागला. श्वास पुरेना. तोंडाला लालसर फेस आला. मग सगळे उठले. बांबूला झोळी बांधली आणि सडकेकडे निघाले. पोर वाटेतच गेले.

हजेरीपटावर त्याचा नंबर सतरा होता. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना सोळा झाल्यावर आमचे तोंड उघडेना.

भगत वाईट माणूस नव्हता. तो कुणाकडून पैसे घेत नसे. चूक कुठे झाली, हे आम्हाला पुढे कळले. ऐका. दहा जणांना विंचू चावला, तर त्यांतल्या बहुतेकांना नुसती आग होते. ती काही तासांनी, फार तर दिवसभराने, आपोआप थांबते. मंत्र म्हटला तरी थांबते, न म्हटला तरी थांबते. पण जवळ भगत बसलेला असतो, म्हणून नाव त्याचे होते. असे नऊ जण बरे झाले, की गावाचा विश्वास बसतो. मग दहाव्याला खरा जहाल विंचू चावतो, तेव्हा त्यालाही भगताकडेच नेतात. त्याच्या जगण्याचे तास मंत्र ऐकण्यात जातात.

म्हणजे पाहा, इंगळीने भगताचे नाव केले आणि लाल विंचवाने पोर नेले. मध्ये साक्षीदार आम्ही होतो.

विष काय करते?

आपल्या अंगात मज्जातंतूंचे जाळे आहे. हृदयाने किती जोरात चालावे, घाम केव्हा यावा, हे निरोप त्या तंतूंतून जातात. शाळेची घंटा तासाला एकदा वाजते, तोवर शाळा नीट चालते. एखाद्या पोराने ती धरून सारखी बडवली, तर साऱ्या वर्गांत गोंधळ होईल. लाल विंचवाचे विष हेच करते. मज्जातंतूंची घंटा ते थांबूच देत नाही.

मग दरदरून घाम येतो. उलट्या होतात. तोंडाला लाळ सुटते. छाती धडधडते. हातपाय गार पडतात. मुलग्यांच्या व पुरुषांच्या लघवीच्या जागी ताठरपणा येतो. यात लाजण्यासारखे काही नाही. हे विष अंगात भिनल्याचे चिन्ह आहे. डॉक्टरांना ते जरूर सांगावे.

यापुढचा धोका समजण्यासाठी शेतातला पाट डोळ्यांपुढे आणा. पुढचे दार बंद केले आणि वरून पाणी सोडतच राहिले, तर काय होईल? पाणी तुंबेल आणि मागे बांधावरून फुटेल. विषामुळे अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. हे झाले दार बंद. हृदय मात्र जोर लावून रक्त ढकलत राहते. शेवटी ते थकते. रक्त मागे तुंबते आणि त्यातले पाणी फुप्फुसांत उतरते. माणूस कोरड्या जमिनीवर असून आत पाण्याने गुदमरतो. त्या पोराच्या तोंडाला आलेला फेस हा होता.

ध्यानात घ्या, घाम आणि उलटी म्हणजे विष बाहेर पडणे नव्हे. ते विष अंगात चढल्याचे लक्षण आहे. आणि डंखाची आग कमी झाली, म्हणजे विष उतरले असेही नव्हे. लहान मुलाला धोका अधिक. विष तेवढेच, पण अंग लहान.

महाडचे डॉक्टर

यावर औषध आहे का? आहे. आणि ते आपल्याच मुलखात, रोग्याच्या उशाशी बसून शोधले गेले.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाने चावलेले रोगी त्यांच्यासमोर दगावत होते. तेव्हा अशा गंभीर रोग्यांपैकी शंभरात पंचवीस-तीस जण मरत. बावस्करांनी रोग्यांजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांची तासातासाची नोंद ठेवली. १९८२ साली त्यांचा लेख लॅन्सेट या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला.

पुढे त्यांनी प्राझोसिन नावाची गोळी वापरून पाहिली. ही गोळी मुळात रक्तदाबाची, स्वस्तातली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. म्हणजे पाटाचे बंद दार उघडते. तुंबारा सुटतो. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर याही या कामात बरोबरीने होत्या. वेळेवर ही गोळी मिळू लागली आणि शंभरातले पंचवीस-तीस मृत्यू चारांच्या आत आले.

नंतर लाल विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही मुंबईत हाफकिनमध्ये तयार होऊ लागले. बावस्करांनी महाडला सत्तर रोग्यांवर तुलना करून पाहिली. पस्तीस जणांना नुसती गोळी दिली. पस्तीस जणांना गोळी आणि प्रतिविष दोन्ही दिले. दहा तासांनी पाहिले, तर पहिल्या पस्तिसांतले आठ जण पूर्ण बरे झाले होते आणि दुसऱ्या पस्तिसांतले बत्तीस. हा अभ्यास २०११ साली छापून आला. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

मात्र ही गोळी घरी आणून आपल्या मनाने घ्यायची नाही. तिने रक्तदाब उतरतो. रोगी एकदम उठून उभा राहिला, तर चक्कर येऊन पडतो. किती द्यायची, कितीदा द्यायची, हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

चावला तर काय करावे?

पहिले, वेळ पाहून ठेवा. किती वाजता चावला, हे डॉक्टर विचारतील.

दुसरे, रोग्याला धीर द्या. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या काढा. जागा पाण्याने धुवा. आग होत असेल, तर ओल्या फडक्याची घडी ठेवा.

तिसरे, काय करू नये ते ऐका. दोरी आवळून बांधू नका. ब्लेडने कापू नका. डाग देऊ नका. रॉकेल किंवा चुना चोळू नका. विंचू पकडून दाखवायच्या नादात दुसरा डंख करून घेऊ नका.

चौथे, दवाखाना गाठा. रोग्याला चालवू नका. मुलाला उचलून न्या. गाडी नसेल, तर १०८ या नंबरावर फोन करा. रुग्णवाहिका येते, पैसे पडत नाहीत. विंचू कुठला होता हे पाहिले नसेल, तर तो लालच होता असे समजा. डॉक्टरांनी "काही नाही, घरी जा" म्हटले, तर एक हेलपाटा पडला एवढेच. हेलपाट्याने कुणी मरत नाही.

कुणाची मंत्रावर श्रद्धा असेल, तर आम्ही भांडणार नाही. गाडीत बसून म्हणा. पण गाडी थांबवू नका. तो भगतच पुढे येईल त्याला सांगू लागला, "आधी दवाखाना, मग माझ्याकडे या." हे सांगायला त्याला मोठे मन लागले असेल.

२००९ साली त्याच गावात एका मुलीला लाकूडफाटा काढताना विंचू चावला. तिच्या आईने कुणाला काही विचारले नाही. पोरीला उचलले, जीप थांबवली आणि दवाखाना गाठला. तिसऱ्या दिवशी पोर घरी आली. त्या बाईने आमच्यासारख्या गुरुजीला विचारले नाही, हे फार बरे केले.

घर राखावे कसे?

भिंतीच्या चिरा लिंपून घ्या. लाकूडफाटा आणि शेणी भिंतीला लागून रचू नका, घरापासून जरा दूर ठेवा. बिछाना भिंतीपासून हातभर पुढे ओढा. जमले तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. बूट-चपला घालण्याआधी उलट्या करून आपटा. सदरा झटकून घाला. रात्री विजेरीशिवाय आणि पायताणाशिवाय बाहेर पडू नका. पेंढी उचलण्याआधी काठीने किंवा विळ्याने हलवा, मगच हात घाला. दगड उचलताना आपली बाजू सोडून पलीकडची कड आधी उचला. घरात झुरळे झाली, तर विंचवाला आमंत्रण मिळाले समजा. खरकटे झाकून ठेवा. कोंबड्या विंचू टिपतात, त्यांना परसात फिरू द्या.

आणि माळावरच्या विंचवाला उगाच मारत सुटू नका. तो वाळवी खातो, किडे खातो. त्याचे घर त्याला, आपले घर आपल्याला. दोन्ही घरांची हद्द तेवढी ओळखायची.

एवढे लक्षात ठेवा

लहान लाल विंचू मोठ्या काळ्या इंगळीपेक्षा घातक असतो.
जिथे अडचण, अंधार आणि किडे, तिथे विंचवाचे बिऱ्हाड.
घाम, उलटी, गार हातपाय म्हणजे विष चढले.
आग थांबली, म्हणजे धोका टळला असे नव्हे.
आधी दवाखाना. बाकी सारे नंतर.

वाचून झाल्यावर आपसात बोला

१. तुमच्या घरात विंचवाला आवडतील अशा जागा कोणत्या? बोटे दाखवून मोजा.
२. मंत्राने विंचू उतरतो असे लोकांना का वाटते?
३. तुमच्या गावापासून जवळचा सरकारी दवाखाना किती लांब आहे? रात्री तिथे कसे जाल? हे आजच ठरवून ठेवा.